जेटस्की बंद पडली तर आधी टाकी बघा

मंडळी, मे महिना संपता संपता आपल्याकडे समुद्रातला जलक्रीडेचा धंदा थांबतो. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, अलिबाग, सगळीकडे जेटस्कीच्या गाड्या शेडमध्ये जातात आणि ऑगस्ट संपेपर्यंत तिथेच राहतात. सप्टेंबरात गाडी पाण्यात उतरवली की ती सुरू होत नाही, किंवा सुरू होते पण रेस दिली की गुदमरते. मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरच्या स्क्रूंना भिडतो. माझं आज सांगणं एवढंच आहे की स्क्रूला हात लावू नका. मे महिन्यात नीट चालणाऱ्या गाडीचे स्क्रू शेडमध्ये आपोआप फिरत नाहीत. तेवढ्या काळात बदलतं ते पेट्रोल.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. जुलैतली कोकणातली हवा, त्यात अर्धी रिकामी टाकी, म्हणजे ओलीला आत यायला भरपूर वाव. काही प्रमाणापर्यंत पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहतं. ते प्रमाण ओलांडलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला जाऊन बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी ओढते ती तळातूनच.

हे डोळ्यांनी बघता येतं. हातपंपाने टाकीच्या अगदी तळातून पाव लिटर पेट्रोल काढा. तोंडाने ओढू नका. स्वच्छ काचेच्या बाटलीत घालून पंधरा मिनिटं सावलीत न हलवता ठेवा. पाणी सुटलं असेल तर खाली वेगळा थर आणि मध्ये सरळ रेघ दिसेल. रेघ दिसली की सगळी टाकी उपसायची. वरचं पेट्रोल स्वच्छ दिसतंय म्हणून ते परत घालायचा मोह होतो, पण त्यातलं इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न बसू देण्याचा गुण, तोही उतरलेला असतो. रेघ नाही, पण रंग गडद झालाय आणि वास जुन्या वॉर्निशचा येतोय, तरीही ते टाकाऊच. असं पेट्रोल सुकून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, डिंकासारखं चिकटतं.

टू-स्ट्रोक गाडी असेल तर हे अंगावर येतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवायच्या गाडीत पिस्टनला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबरच. जेट अर्धा बुजला की पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी, आणि मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाल्याने उष्णता जास्त. तळातलं पाणी आत गेलं तर त्याच्याबरोबर ऑइल जवळजवळ येतच नाही, कारण ऑइल पाण्यात मिसळत नाही. म्हणून ‘थोडी मिसिंग करते, पण चालतेय’ असं म्हणत गिऱ्हाईक बसवू नका. तशीच फुल रेसमध्ये पळवली तर पिस्टन सीझ होतो, आणि मग दोनशे रुपयांच्या फिल्टरऐवजी अख्खं इंजिन उघडावं लागतं.

दुसरी नेहमीची तक्रार अशी: गाडी दोन-तीन मिनिटं मस्त पळते, मग दम तोडते, आणि जरा थांबलं की पुन्हा चालते. तेव्हा टाकीत हवा शिरते का ते बघा. उथळ पाण्यात उभं राहून, इंजिन बंद करून टाकीचं झाकण हळूच सोडवा. हवा आत ओढल्याचा ‘फस्स’ आवाज आला तर दोष व्हेंटमध्ये, म्हणजे टाकीत हवा आत सोडणाऱ्या नळीत किंवा तिच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. मिठाचा थर किंवा कुंभारमाशीने त्या नळीत बांधलेलं मातीचं घर, दोन्हींनी ती बुजते. आवाज नसेल तर पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर करून बघा. टाकीत पुरेसं पेट्रोल असूनही रिझर्व्हवर चालली आणि ऑनवर नाही, तर ऑनचीच वाट तुंबली आहे. त्यानंतर फिल्टर, आणि मग नळ्या. कडक होऊन चिरलेली नळी पेट्रोलऐवजी हवा ओढते.

इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी पुढे सरकत नाही, हा इंधनाचा दोष नव्हे. खाली पंपाच्या तोंडाशी जाळ्याचा दोरा किंवा प्लास्टिक अडकलंय का बघा, इम्पेलर (पाणी मागे फेकणारं पंपातलं पातं) झिजलाय का बघा. हात घालण्याआधी इंजिन बंद करून किल-कॉर्ड (चालवणाऱ्याला बांधलेली, सुटली की इंजिन बंद करणारी दोरी) काढायची.

प्लग काढला की तो बरंच सांगतो. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काळा आणि पेट्रोलने ओला असेल तर करंट येतो का बघा, मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) आहे का बघा. टू-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाब, प्लगच्या जागी गेज लावून मोजा: सगळे प्लग काढून, त्यांच्या वायरी आर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारा. साधारण 120 पीएसआयच्या बराच खाली काटा राहिला, किंवा दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर कार्बोरेटर कितीही धुवा, काही उपयोग नाही. फोर-स्ट्रोकमध्ये डिपस्टिक बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, सेल्फ मारूच नका.

हे सगळं करताना सीट उघडी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती हलच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) तळाशी साचते, आणि सेल्फची एक ठिणगी पुरते. पेट्रोल भरल्यावरही सीट उघडून, वास गेल्याची खात्री करूनच सुरू करा. घाईच्या दिवसांत हेच पहिलं विसरलं जातं, आणि मागे बसणाऱ्यांत लहान मुलं असतात.

गोड्या पाण्याने धुण्याचा क्रमही पक्का ठेवा: आधी इंजिन सुरू, मग नळ, आधी नळ बंद, मग इंजिन. नळ चालू आणि इंजिन बंद असेल तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं.

आणि मे महिन्यात, शेवटच्या दिवशी नव्हे, शेवटच्या फेऱ्यांच्या आधी टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घाला, म्हणजे तो फिरत फिरत कार्बोरेटरपर्यंत पोचतो. मग टाकी काठोकाठ भरून ठेवा, नाहीतर पूर्ण उपसून ठेवा. अर्धी मात्र ठेवू नका.