गर्दी कुठे तुंबते

[दृश्य: ड्रोनमधून. दरीच्या कडेचं गाव, आत जाणारा एकच वळणाचा रस्ता, दोन्ही कडांना लागलेल्या गाड्या.]

निवेदक: एखादं देखणं गाव पर्यटकांनी हाताबाहेर गेलं की सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो: आज किती हजार आले. बातमीला हा आकडा बरा. बंदोबस्ताला त्याचा फारसा उपयोग नाही. तीन हजार माणसं सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत सुटी सुटी आली, तर गावाला पत्ताही लागत नाही. त्यातली निम्मी अकरा ते एकच्या दरम्यान आली, तर रुग्णवाहिका अडकते. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: एका वेळी किती माणसं आत आहेत, आणि ती नेमकी कुठे उभी आहेत?

हिशोब सोपा आहे. तासाला येणारी माणसं गुणिले त्यांचा सरासरी मुक्काम. तासाला 400 जण येतात आणि दीड तास थांबतात, तर एका वेळी 600 जण आत. उद्या कुणी वर झिपलाइन (ताणलेल्या दोरीला लटकून घसरत जायचा खेळ) सुरू केली आणि मुक्काम अडीच तासांवर गेला, तर एकही जादा माणूस न येता आतली संख्या 1000 होते. गावाने परवानगी दिली एका दोरीला. वाढल्या 400 माणसांच्या सोयी.

[दृश्य: गावाबाहेरचं पार्किंग. हातात काउंटर घेतलेला स्वयंसेवक.]

गर्दीचा नळ म्हणजे पार्किंग. शंभर गाड्यांची जागा, गाडीमागे तीन माणसं आणि दोन तासांचा थांबा धरला, तर तासाला 50 गाड्या सुटतात आणि 50 येऊ शकतात, म्हणजे 150 माणसं. गावाची खरी क्षमता एवढीच, पण रस्त्याच्या कडेला गाडी लावायला बंदी असेल तरच. कडेला लावलेल्या गाडीला साधारण सहा मीटर लागतात. एका किलोमीटरच्या एकाच बाजूला दीडशेहून जास्त गाड्या बसतात. पार्किंगने बंद केलेला नळ कडेने गळतो तो असा.

आणि रस्ता? तो साडेपाच मीटर रुंद असेल, तर एका बाजूची गाडी दोन मीटर खाते. उरलेल्या साडेतीन मीटरमधून अडीच मीटर रुंदीचा अग्निशमन बंब जेमतेम जातो, वळणावर तेवढंही जमत नाही. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की दीड मीटर उरतो. त्यातून दुचाकी जाते, स्ट्रेचर जातो, बाकी काही नाही.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या पॉम्फ्रेट गावाने हा प्रश्न सरळ सोडवला. शरद ऋतूतल्या रंगीत पानांसमोर फोटो काढायला येणाऱ्या गाड्यांनी तिथली एक अरुंद ग्रामीण वाट कोंडली होती. 2023 मध्ये गावाच्या मंडळाने ती वाट 23 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर बाहेरच्या वाहनांना बंद केली. वर्षभर बंदी घातली नाही. ज्या तीन आठवड्यांत त्रास होता, तेवढेच बंद केले.

'पार्किंग फुल्ल' ही पाटी बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी असते, पार्किंगच्या तोंडाशी. तिथे पोचलेली गाडी वळणार कुठे? पाटी हवी ती गाडी वळवता येईल अशा शेवटच्या फाट्यावर, आणि ती लावायची जागा संपण्याच्या आधी. फाट्यापासून पार्किंगपर्यंत दहा मिनिटं लागत असतील आणि तासाला 120 गाड्या येत असतील, तर कोणत्याही क्षणी 20 गाड्या मधल्या रस्त्यावर असतात. म्हणजे वीस जागा रिकाम्या असतानाच फाटा बंद. रिकामं पार्किंग दिसत असताना गाड्या परतवल्या म्हणून ओरड होते. ती ऐकून घ्यावी.

कडेच्या गाड्यांवर उपाय म्हणजे कडाच उरू न देणं: दीड-दीड मीटरवर मोठे दगड, किंवा उथळ चर. दंडाच्या पाटीपुढे लोक गाडी लावतात, दगडावर लावत नाहीत. बसगाड्यांसाठी वेळ ठरवून देणं उत्तम. ऑस्ट्रियात सुमारे साडेसातशे वस्तीच्या हालस्टाटने 2020 पासून पर्यटक बसना आगाऊ वेळ घेणं सक्तीचं केलं. बसचा फायदा असा की एका चालकाला सांगितलं की पन्नास जणांना सांगून होतं.

[दृश्य: पायवाट, कॅमेरा जमिनीलगत. मधोमध चर, कडेला तुडवलेलं गवत.]

आता पायवाट. इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. कोवळ्या गवतावर पहिली काही शे पावलं सर्वांत जास्त नुकसान करतात. वाट एकदा पडली की पुढच्या हजारो पावलांनी त्यात फारशी भर पडत नाही. त्यामुळे 'लोकांना पसरू द्या, म्हणजे भार विभागेल' हा सल्ला वर्दळीच्या ठिकाणी घात करतो. एका वाटेच्या दहा होतात. कासच्या पठारासारख्या जागी, जिथे जांभ्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो, तिथे तर पसरलेली गर्दी म्हणजे गेलेली माती.

या चराकडे नीट बघा. हा पायांनी पडलेला नाही, पाण्याने पडला आहे. पावलांनी माती दाबली, पाणी जिरेना, उतारावरून धावलं आणि मधली माती घेऊन गेलं. चरात चिखल झाला म्हणून लोक कडेने चालले, कडेचं गवत गेलं, तिथे नवा चर. वाट मीटरभराची तीन मीटर झाली. दुरुस्तीचा क्रम म्हणूनच चुकवायचा नाही: आधी पाणी वाटेबाहेर काढायचं, मग पृष्ठभाग, आणि शेवटी चोरवाटा काट्याकुट्यांनी बुजवायच्या. वाटेला दरीच्या बाजूला तीन ते पाच टक्के कल द्यायचा. ठराविक अंतरावर छोटे उलटे चढ ठेवायचे, म्हणजे पाणी तिथे थांबून बाहेर पडतं. आणि वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पाणी बाजूला वळतच नाही, वाटेनेच खाली येतं. खडी टाकून काम सुरू करणाऱ्यांची खडी पहिल्या जोरदार पावसात खालच्या शेतात सापडते.

फोटोच्या जागेचं काय? जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याला फुजिकावागुचिको नगराने मे 2024 मध्ये एका गजबजलेल्या पदपथावर अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावली, फुजी दिसूच नये म्हणून. काही दिवसांतच लोकांनी तिला कॅमेऱ्यासाठी भोकं पाडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या इशाऱ्यामुळे ती उतरवली. दृश्य झाकण्यापेक्षा तेच दृश्य दुसऱ्या, सुरक्षित जागेवरून चांगलं दिसेल अशी सोय करणं अधिक टिकतं. थायलंडच्या माया बे या किनाऱ्याने येण्याची जागाच बदलली. जून 2018 मध्ये बंद झालेला किनारा जानेवारी 2022 मध्ये उघडला तेव्हा होड्यांना खाडीत यायला मनाई होती. होड्या बेटाच्या मागच्या अंगाला धक्क्याला लागतात आणि माणसं चालत येतात. प्रवाळावर नांगर पडणं थांबलं.

[दृश्य: ओढ्यावरचा अरुंद साकव. कठड्याला टेकून उभी माणसं.]

साकवाचा हिशोब गावकऱ्यांनी तोंडपाठ ठेवावा असा आहे. सव्वा मीटर रुंद, तीस मीटर लांब. म्हणजे साधारण 37 चौरस मीटर. चालत्या रांगेत चौरस मीटरला एक माणूस, 65 किलोचा धरला तर भार सुमारे 2400 किलो. खाली पाणी फेसाळलं, सगळे फोटोसाठी थांबले आणि चौरस मीटरला पाच जण झाले, की तोच भार बारा हजारांच्या घरात जातो. वर सगळे एकाच कठड्याला टेकतात, म्हणजे तो एका बाजूला. साकव बांधताना गृहीत होते शेतावर जाणारे चार लोक आणि एखादी म्हैस.

15 जून 2025 ला पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. गर्दी फलक वाचत नाही, पुढच्याची पाठ बघून चालते. बंद पूल म्हणजे दोन्ही टोकांना वेल्डिंग केलेले गज, किंवा फळ्याच काढून घेतलेला सांगाडा. चालू पुलावर दोन्ही टोकांना एकेक माणूस, एकेरी वाहतूक, आणि 'पुलावर थांबायचं नाही' एवढंच वाक्य, दिवसभर.

[दृश्य: धबधब्याखालचा डोह. पायऱ्या. वरच्या बाजूला ओढ्यात रोवलेला रंगवलेला खांब.]

डोहाची मर्यादा ठरवताना डोहाकडे बघून चालत नाही; बाहेर पडायच्या पायऱ्या मोजायच्या. मीटरभर रुंद, ओल्या पायऱ्यांवरून मिनिटाला साठ माणसं वर आली तरी खूप. डोहात 200 जण असतील, तर नुसतं चढायलाच जवळपास साडेतीन मिनिटं. त्याआधी चपला शोधणं, मुलाला हाका मारणं, मोबाइल पिशवीत घालणं, यात आणखी तीन-चार मिनिटं जातात. म्हणजे सात-आठ मिनिटं आधी कळायला हवं.

ते कळतं वरच्या खांबावरून. पूर येतो तो वर पडलेल्या पावसाचा. डोहावर तेव्हा ऊन असू शकतं. खांब डोहापासून एक किलोमीटर वर असेल आणि पाणी सेकंदाला दोन मीटरने येत असेल, तर हातात आठ मिनिटं आणि काही सेकंद. जेमतेम. एवढ्यावर भागवायचं नसेल, तर खांब आणखी वर न्या, पायऱ्या रुंद करा, किंवा डोहात शंभरच माणसं सोडा. तिन्हींपैकी शेवटचं आजच करता येतं. खांबापाशी बसणाऱ्याकडे वॉकीटॉकी हवा, कारण गर्दीच्या दिवशी मोबाइलचं नेटवर्क सर्वांत आधी मान टाकतं. धबधब्याच्या आवाजात शिट्टी ऐकू येत नाही, भोंग्यावरचं बोलणं समजत नाही. तिथे सायरन आणि लाल झेंडा, दोन्ही लागतात.

डोहाशी उभ्या असलेल्यानेही चार खुणा ओळखायला हव्यात: स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागणं, पालापाचोळा आणि काटक्या एकदम वाढणं, मघाशी दिसणारा खडक बुडणं, आणि पाण्याचा आवाज जड होणं. यातली एक दिसली तरी बाहेर काढायला सुरुवात. खात्री करत बसायचं नाही.

'गुडघाभर तर पाणी आहे' हा शब्दप्रयोग बराच महाग पडला आहे. वेगाने वाहणारं पंधरा सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं, तीस सेंटिमीटर छोटी गाडी तरंगवतं, साठ सेंटिमीटर बहुतेक वाहनं ओढून नेतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून कालच्या अनुभवावर आज पाण्यात उतरता येत नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याचं पाणी तर शांत दिसूनच फसवतं: तिथे वरचा प्रवाह उलटा फिरून भिंतीकडे येतो आणि माणसाला पुन्हा पुन्हा खाली ओढतो.

पडलेल्याला वाचवायला उडी मारणारा अनेकदा दुसरा बळी ठरतो. मानवी साखळीचंही तेच. एकाचा पाय सुटला की सगळे जातात. काठावर पंधरा-वीस मीटर तरंगत्या दोराच्या फेकपिशव्या लटकवून ठेवाव्यात आणि दोर कुणाच्याही कमरेला बांधू नये. प्रवाहात सापडलेल्याने उभं राहायचा प्रयत्न करू नये, कारण खडकांच्या फटीत पाय अडकला की पाणी पाठीवरून दाबतं. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे, आणि हातांनी काठाकडे सरकायचं.

[दृश्य: रस्त्याकडेचा क्रमांक लिहिलेला दगड. बाहेर तोंड करून उभी रुग्णवाहिका.]

मदत मागणारा 'धबधब्याजवळ' असं सांगतो. धबधबे चार असतात. वाटेवर दर दोनशे मीटरला मोठ्या आकड्यांचे दगड आणि त्याच आकड्यांचा नकाशा पोलीस, दवाखाना आणि अग्निशमन केंद्राकडे. एवढ्याने शोधायचा वेळ वाचतो. हृदय बंद पडलं आणि कुणी छाती दाबत नसेल, तर विजेचा झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका पाऊण तासावर असेल, तर त्या पाऊण तासातली पहिली दहा मिनिटं गावातल्याच माणसांची आहेत. तिकीट फाडणाऱ्यापासून वाटाड्यापर्यंत सगळ्यांना छाती दाबायला शिकवलेलं हवं.

शौचालयाबद्दल एकच: चाळीस माणसांसाठी बांधलेल्या सेप्टिक टँकवर हजार जणांनी प्रत्येकी सहा लिटर पाणी ओतलं, तर दिवसात सहा हजार लिटर होतात. ते न निवळता खालच्या विहिरीकडे निघतं. गर्दीच्या दिवशी फिरती शौचालयं आणि ठरलेला मैलाटँकर लागतोच.

[दृश्य: फाट्यावरचं फाटक. भिंतीवर टांगलेला तक्ता.]

आता फाटक बंद करायचं कुणी? इथे बहुतेक गावांची व्यवस्था मोडते. सरपंच तालुक्याला गेलेले असतात, पोलीसपाटील फोन उचलत नाहीत, आणि फाटकावरचा पोरगा 'वरून सांगितलं नाही' म्हणून गाड्या सोडत राहतो. म्हणून तक्त्यावर आकडे आधीच लिहायचे: पार्किंगमध्ये वीस जागा उरल्या, खांबावर पिवळा पट्टा बुडाला, साकवावर चाळीस जण झाले. यातलं काहीही घडलं की फाटकावरच्या माणसाने कुणालाही न विचारता बंद करायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुणी जाब विचारायचा नाही, असा ग्रामसभेचा लेखी ठराव हवा. ठरावाची प्रत फाटकावरच चिकटवलेली बरी. ओळख सांगणारे पाहुणे येतातच.

सूर्यास्ताला पार्किंगमधल्या गाड्या मोजायच्या. गाडी आहे आणि माणसं नाहीत, तर चावडीवरून एक घोषणा, अर्धा तास वाट, आणि मग शोधाला तीन-तीन जणांच्या दोन तुकड्या: एक मुख्य वाटेने, दुसरी सर्वांत जास्त वापरातल्या चोरवाटेने. फाटकावरची माणसं मात्र फाटक सोडून कुठेही जात नाहीत.