थर्मोस्टॅट काढून टाकण्यापूर्वी

मित्रहो, घाट चढताना गाडी तापली की पायथ्याच्या गॅरेजात एक ठरलेला सल्ला मिळतो : ‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरज नाही.’ मला हा सल्ला मान्य नाही.

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरची झडप आहे. तिच्या पोटातल्या डबीत मेण भरलेले असते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की ते मेण वितळून फुगते, दांडा ढकलला जातो आणि झडप उघडते. ज्या इंजिनाला ९० अंशांच्या आसपास काम करायचे आहे, त्याच्या दृष्टीने विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळाही थंडच. शिवाय अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. ती काढली की काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते, आणि ज्या तापण्यावर उपाय म्हणून ती काढली, ते तापणे उलट वाढू शकते.

झडप बंद स्थितीत अडकली तर तापमानाचा काटा चढतो आणि दोष लगेच कळतो. उघडी अडकली तर मात्र थंड प्रदेशात हीटर गरम हवा देत नाही म्हणून बोंब होते. आपल्याकडे हीटर लावतो कोण? इंजिन अजून थंडच आहे असे समजून गाडीतला संगणक इंधन जास्त सोडत राहतो, मायलेज घटते आणि मालक पेट्रोल पंपाला दोष देतो.

निदानासाठी सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला, म्हणजे रबरी नळीला, हात लावावा. पंख्यापासून मात्र जपावे, कारण तो अचानक फिरू लागतो. थर्मोस्टॅट या होजच्या तोंडाशी असलेल्या गाड्यांत होज काही मिनिटे थंड राहून मग झपाट्याने तापला, तर झडप ठीक आहे. तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी राहिली आहे. काटा लाल पट्ट्याकडे गेला तरी होज थंडच असेल, तर संशय बंद झडपेवर जातो. तरीही कूलंटची पातळी, वॉटर पंप आणि अडकलेली हवा तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

काढलेली झडप पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकणार नाही अशी, दोऱ्याने टांगून थर्मामीटर लावून तापवावी आणि तिच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास ती उघडते का, हे पाहावे. हा प्रयोग महाबळेश्वरात करू नये, कारण तिथे पाणी ९५ अंशांच्या सुमारासच उकळते आणि चांगली झडपही पूर्ण न उघडल्यामुळे बाद ठरू शकते. पातेले पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये; कूलंट विषारी असते.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवे, कारण गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडले की दाबाखालचे कूलंट उसळून अंगावर येते. नव्या झडपेचा अंश कंपनीने सांगितलेलाच असावा, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि हवा जाण्याचे छोटे छिद्र असल्यास ते वर असावे. जुने पॅकिंग खरवडून नवे बसवावे, बोल्ट आळीपाळीने आवळावेत, कारण हाउसिंग, म्हणजे झडपेचे आवरण, बहुधा अॅल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे असते आणि सहज तडकते. मग कूलंट भरून हवा काढावी, गाडी फिरवून आणावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पातळी पुन्हा पाहावी.