लोअर केलेला ट्रक रस्ता का सोडतो

[दृश्य: दक्षिण कॅलिफोर्निया, सकाळ. चौकोनी तोंडाचा शेव्हरोले सी-१० फ्रीवेवरून जातोय. कॅमेरा बंपरच्या उंचीवर.]

१९७३ ते १९८७ या काळातला हा शेव्हरोले पिकअप. शेतावर, बांधकामावर राबण्यासाठी बनलेली गाडी. इथल्या हौशी मंडळींनी ती लोअर केली, म्हणजे सस्पेन्शन बदलून जवळजवळ जमिनीला टेकवली. चाकं सोडून गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणायला कॅलिफोर्नियात १९५८ पासून बंदी होती. ती उठली थेट १ जानेवारी २०२४ ला. पोलिसांचा प्रश्न मिटला, स्टिअरिंगचा राहिला.

कारण तक्रार ठरलेली असते. गुळगुळीत रस्त्यावर ट्रक सरळ चालतो. काँक्रीटच्या जोडावर एक चाक आदळलं की नाक झटक्यात बाजूला जातं. मालक म्हणतो, अलाइनमेंट आत्ताच करून घेतलंय, कागदावर सगळे आकडे हिरवे आहेत. कागद खोटं बोलत नाही. फक्त मशीनने मोजला तो उभा ट्रक, आणि हा बिघडतो हलताना.

[दृश्य: पुढचा टायर, अगदी जवळून. तळहात टायरवरून आडवा फिरतो.]

सुरुवात टायरपासून. हवा तपासायची, मग तळहात आडवा फिरवायचा. एका दिशेने हात सरकतो आणि परत येताना बोटांना कडा लागतात, म्हणजे टो चुकलाय. टो म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते. आतली कड नुसतीच झिजली असेल तर संशय निगेटिव्ह कॅम्बरवर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कलण्यावर. ‘टायर आतून खातंय’ म्हटलं की सगळे कॅम्बरलाच धरतात, पण टायर खाण्यात टोचा हात जास्त असतो.

आता इंजिन चालू, चाकं जमिनीवरच. एक जण स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवतो, दुसरा खालून बघतो. स्टिअरिंग शाफ्टचा रबरी जॉइंट, मग स्टिअरिंग बॉक्स, त्याने हलणारा पिटमन आर्म, दोन्ही बाजू जोडणारी सेंटर लिंक, आणि तिथून चाकाला वळवणारा टाय रॉड. हालचाल कुठपर्यंत पोचते आणि कुठे हरवते, एवढंच शोधायचं. पिटमनच्या समोरच्या बाजूला सेंटर लिंकचं दुसरं टोक धरणारा आयडलर आर्म असतो. त्याकडे फार कुणी लक्ष देत नाही. तो झिजला की सेंटर लिंकचं ते टोक आडवं सरकायच्या आधी वर-खाली होतं, आणि त्या बाजूच्या चाकाचा टो मनमानी करतो. बॉक्स जिथे फ्रेमला बोल्ट केलाय, तिथली माती पुसून चीर पडलीय का, तेही बघायचं.

इथे एक मोह होतो. स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) आहे ना, मग बॉक्सवरचा स्क्रू आवळा! प्ले बाहेरच्या जॉइंटमध्ये असेल तर बॉक्स उगाच जाम होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येणं बंद होतं. एका दुखण्याची दोन होतात.

[दृश्य: ट्रकच्या खाली. लोअर आर्म आणि रबरी बंप स्टॉप.]

पुढे बंप स्टॉप, म्हणजे चाक धरणारा खालचा दांडा, लोअर आर्म, फार वर गेला की त्याला अडवणारं रबर. लोअर केलेल्या ट्रकमध्ये आर्म आणि या रबरामध्ये बोटभर जागाही उरत नाही कधी कधी. रबर चकाकतंय, म्हणजे आर्म सतत तिथेच आपटतोय. अशा ट्रकला सस्पेन्शनच उरलेलं नाही, अलाइनमेंटचे पैसे पाण्यात.

आणि आता मूळ दुखणं, टाय रॉड. चाक वर-खाली होताना त्याला धरणारा कंट्रोल आर्म एका कमानीत फिरतो, टाय रॉड दुसऱ्या. कंपनीने ठरवलेल्या उंचीच्या आसपास या दोन्ही कमानी जुळतात. स्प्रिंग कापून ट्रक ४ इंच खाली आणला की दोघेही आपापल्या कमानीच्या वरच्या, तिरप्या भागात जातात आणि जुळणी तुटते. चाक उसळलं की टाय रॉड त्याला वळवतो. ड्रायव्हरने स्टिअरिंग हलवलेलंच नसतं. यालाच बंप स्टीअर म्हणतात.

तो मोजायला महागडं मशीन लागत नाही. स्प्रिंग काढायची, स्टिअरिंग सरळ ठेवून पक्कं बांधायचं, लोअर आर्मखाली जॅक लावायचा. एकेक इंच चाक वर घ्यायचं, खाली सोडायचं, आणि दर इंचाला टो किती बदलला ते खडूने जमिनीवरच लिहीत जायचं.

[दृश्य: बाकावर शेजारी शेजारी दोन स्पिंडल, एक मूळचा, एक ड्रॉप.]

स्पिंडल म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाची दांडी साधारण अडीच इंच वर सरकवलेली असते. त्यामुळे ट्रक खाली येतो, पण आर्म आणि टाय रॉडचे कोन मूळचेच राहतात. स्प्रिंग कापणं स्वस्त पडतं, हे खरं. त्याची किंमत टायर मोजतात.

कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्याचा बाजूने बघताना मागे असलेला कल. त्याचं गणित सरळ आहे. आखूड हौद्याच्या सी-१० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११७.५ इंच. मागच्या मानाने नाक २ इंच जास्त खाली गेलं की कॅस्टर जवळपास १ अंशाने कमी होतो, स्टिअरिंग हलकं पडतं आणि ट्रक भरकटतो. म्हणून जाणकार पुढे ४ आणि मागे ६ इंच उतरवतात. मागे स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली असलेला ॲक्सल त्यासाठी पाट्यांच्या वर बसवावा लागतो.

हे सगळं झालं की मग अलाइनमेंट मशीन. ट्रक रोज चालतो त्याच उंचीवर. स्प्रिंगऐवजी एअर बॅग असतील तर चालवतानाची हवा भरून. आधी स्टिअरिंग बॉक्स बरोबर मध्यावर आणायचा. वरच्या आर्मच्या शाफ्टमागचे शिम (पातळ पत्रे) बदलून कॅम्बर-कॅस्टर बसवायचा, टो शेवटी. टाय रॉडच्या स्लीव्हवरचे क्लॅम्प आवळताना बोल्टची तोंडं कुठे आली ते बघायचं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून घ्यायचं, कारण इतक्या खाली आलेल्या ट्रकमध्ये ती फ्रेमला घासू शकतात.