तिसऱ्या हाकेला

मंडळी, पत्रिकेवर छापलंय: 'शिकी' या जपानी ॲनिमे (कार्टूनपटासारख्या) भयमालिकेची बलस्थानं आणि कच्चे दुवे. तिकडे येतोच. पण आधी आमच्या आजीचं सांगायला हवं.

राजापूरच्या बाजूला आमचं घर. खळ्यापलीकडे माड, त्यापुढे नुसता काळोख. रात्री कुणी हाक मारली तर आजी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. आम्ही पोरं उठायला लागलो की मनगट धरून खाली बसवायची. ''माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारील.'' एका श्रावणात मामा मुंबईहून आले. शेवटची एसटी चुकलेली, चालत आले, चिंब भिजलेले. दोन हाका मारल्या आणि सगळे झोपले असतील म्हणून पडवीतच बसून राहिले. पहाटे दार उघडल्यावर आजी रडली, स्वतः पाणी तापवून दिलं. पण पुढच्या रात्रीही तिसऱ्या हाकेपर्यंत उठली नाही. आणि हीच आजी ओळख पटली की ''या, बसा, पाणी घ्या'' म्हणायची. दारात आलेल्याला उभं ठेवायचं नाही, हाही तिचाच नियम!

'शिकी'तली भीती मला याच दोन नियमांमधल्या फटीत दिसते. फुयुमी ओनो यांची 1998 ची कादंबरी, त्यावरून 2010 साली आलेली 22 भागांची मालिका. डोंगरातलं लहानसं गाव, भर उन्हाळा, माणसं एकामागून एक दगावतात आणि काही रक्तपिपासू होऊन परत येतात. पण घरात शिरायचं तर आतल्या कुणीतरी 'या' म्हणावं लागतं. कालपर्यंतच्या शेजाऱ्याला 'या' कोण म्हणणार नाही?

गावाचं नाव सोतोबा. कबरीपाशी उभ्या करतात त्या लाकडी फळ्यांना जपानीत सोतोबा म्हणतात. शब्द मूळचा आपला 'स्तूप', आणि त्या फळ्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली संस्कृत बीजाक्षरं असतात. हे कळलं त्या दिवशी मी एकटाच घरभर फिरत होतो. जपानात आज जवळजवळ सगळीकडे दहन होतं. या गावात मात्र अजून पुरतात. सगळी कथा त्या एका रूढीवर उभी आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

कच्चे दुवे: सुरुवातीचे भाग रेंगाळतात. पात्रं इतकी की कोण कुणाचं हे लक्षात राहत नाही, मग मृत्यू लागायला हवा तेवढा लागत नाही. आणि याच कादंबरीवरच्या र्यू फुजिसाकी यांच्या मांगामधून, म्हणजे जपानी चित्रकथेतून, उचललेले ते आकाशात गेलेले केस! अंत्ययात्रेचं गांभीर्य त्यांनी पार घालवलंय, मला याचा अजून राग येतो.

बलस्थानं: गावचा डॉक्टर तोशियो ओझाकी. त्याला भूत दिसत नाही, रुग्ण दिसतात. आधी रक्तक्षय, मग एकेक अवयव निकामी. तो नोंदी चाळतो, मृत्यू मोजतो, आणि आपण त्याच्याबरोबर मोजू लागतो. पुढे तो मरून उठलेल्या स्वतःच्या बायकोला बांधून तिच्यावर प्रयोग करतो. तिथून आपली बाजू सुटते. गावकरी खुंटे घेऊन निघतात तेव्हा मरणारेही गावकरीच असतात.

त्याच दवाखान्यातली परिचारिका रित्सुको. तीही मरून उठते. तिच्यासमोर जुनी सहकारी आणून ठेवतात. भुकेने तिचा जीव जात असतो, आणि ती त्या बाईला हात लावत नाही.