हूटर वाजला, तरी मॅच का संपली नाही?

(मातीच्या मैदानावर, गोलपोस्टसमोर उभं राहून)

नमस्कार मंडळी. आज थेट मैदानावरून बोलतोय. ठाण्यातलं हे आमचं प्रॅक्टिसचं मैदान, पूर्ण मातीचं. ही पांढरी रेघ आत्ताच फक्की टाकून मारलीय. आजचा सगळा विषय या रेघेच्या मागे उभ्या राहणाऱ्या पाच जणांचा आहे.

गेल्या रविवारी आमची हॉकी लीगमधली सातवी मॅच होती, चर्चगेटला, टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. चौथा क्वार्टर संपत आलेला, स्कोअर 1-1. हूटर वाजला. माझी बहीण पहिल्यांदाच मॅच बघायला आली होती. तिने टाळ्या वाजवल्या, बॅग खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरायला लागली. आणि त्यानंतरही खेळ चालूच राहिला! परतीच्या गाडीत दादर येईपर्यंत ती एकच विचारत होती, "दादा, वेळ संपली होती ना? मग खेळत काय होतात?" तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो, फक्त इथे स्टिकने रेघा मारून दाखवता येईल.

आधी गुणांचं सांगतो, कारण त्याशिवाय आमचा जीव का टांगणीला लागला होता ते कळणार नाही. आमच्या लीगमध्ये जिंकलं की 3 गुण, बरोबरीला 1. पहिल्या दोन टीम वरच्या डिव्हिजनमध्ये जातात. पहिली टीम आधीच खूप पुढे निघून गेलीय, म्हणजे जागा उरली एक. आमचे 13 गुण, समोरच्यांचे 12. बरोबरी झाली तर आम्ही 14, ते 13, आम्ही पुढे. गोल खाल्ला तर आम्ही 13 वरच आणि ते थेट 15 वर. आणि हूटर वाजायच्या जेमतेम दोन सेकंद आधी अंपायरने त्यांना पेनल्टी कॉर्नर दिला होता.

नियम असा आहे की वेळ संपायच्या आत पेनल्टी कॉर्नर मिळाला, तर तो पूर्ण खेळूनच मॅच संपते. घड्याळात शून्य दिसत असलं तरी.

(स्टिकने मातीवर अर्धगोल आखत)

हा डी. गोलपासून 14.63 मीटरवर. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे आपल्या भाषेत पीसीला, बचाव करणारे फक्त पाच जण, गोलकीपर धरून. सगळे गोलच्या रेघेमागे, पाय मागे, स्टिकही मागे. बाकीचे सहा सेंटर लाइनच्या पलीकडे. समोरचा एक जण पोस्टपासून 10 मीटरवरून बॉल पुश करतो, डीच्या बाहेर दुसरा तो अडवतो, तिसरा मारतो. बॉल आधी डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोल धरत नाहीत. पुशपासून फटक्यापर्यंत दीड-दोन सेकंद, बस. तेवढ्यात आपल्यातला एक जण रेघेवरून सुटतो आणि सरळ मारणाऱ्याच्या अंगावर धावत जातो. तो फर्स्ट रशर.

या माणसाबद्दल मला मनापासून बोलायचंय. बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, दगडासारखा टणक. मोठ्या स्पर्धांमध्ये ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकने ओढत नेऊन भिरकावलेला फटका, ताशी 100 किलोमीटरच्या वर जाते. आमच्या डिव्हिजनला तेवढी जात नाही, पण लागल्यावर कमी-जास्त कळत नाही. तोंडावर मास्क, गुडघ्याला पॅड आणि समोर तो फटका. टोकियो ऑलिंपिक आठवतंय ना? 5 ऑगस्ट 2021, ब्राँझची मॅच, आपण जर्मनीविरुद्ध 5-4 ने पुढे आणि शेवटचे 6 सेकंद उरलेले असताना त्यांना पीसी. आपला गोलकीपर श्रीजेशने अडवलेला तो बॉल अख्ख्या देशाला आठवतो, आणि आठवायलाच हवा, 1980 नंतरचं पहिलं ऑलिंपिक पदक होतं ते. पण त्या टीमचा फर्स्ट रशर अमित रोहिदास किती जणांना आठवतो? पुढच्या वेळी पीसी बघाल तेव्हा बॉलकडे बघू नका, रेघेवरून सुटणाऱ्या माणसाकडे बघा. निम्मा पीसी तिथेच कळतो.

आमचा फर्स्ट रशर वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. शनिवारची रात्रपाळी करून तो थेट ठाणे स्टेशनला आला होता. हूटरनंतर तो नेहमीसारखाच सुटला आणि त्यांचा फटका त्याच्या पायावर बसला.

आता इथे नियम फार बारीक आहे. पहिला फटका 5 मीटरच्या आतल्या डिफेंडरला गुडघ्यावर किंवा गुडघ्याच्या वर लागला, तर तो फटका धोकादायक धरतात आणि फ्री हिट बचाव करणाऱ्यांना. म्हणजे मॅच तिथेच संपली असती, एक गुण आमचा. गुडघ्याच्या खाली लागला तर परत पीसी. आम्ही सगळे हात वर करून ओरडत होतो, वर लागला, वर लागला. अंपायरने वाकून स्वतःच्या नडगीवर हात ठेवला, खाली. आमच्या कॅप्टनने तोंड उघडलं तेवढ्यात रशरच म्हणाला, "खालीच लागलाय. चला, लाइनवर या." नंतर त्याने पाय दाखवला. पॅडच्या कडेखाली, गुडघ्यापासून दोन बोटं खाली, लाल वळ, आणि त्या वळात बॉलच्या खळग्यांची नक्षी जशीच्या तशी उमटलेली.

दुसरा पीसी. इथे चूक माझी झाली. मी पोस्टवर असतो. पुश व्हायच्या आधीच माझा पाय रेघेपुढे गेला. अंपायरने शिट्टी मारली आणि सेंटर लाइनकडे बोट केलं. आधी निघालेल्या डिफेंडरला सेंटर लाइनच्या मागे जावं लागतं आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. म्हणजे आता आमचे चारच. लांबून बघताना मला रिकामा पोस्ट सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. तेवढा वेळ माझ्या आयुष्यात कुठल्याच मॅचमध्ये लांबला नव्हता.

त्यांनाही तो पोस्ट दिसत होताच. बॉल तिकडेच आला, खालून, गोलमधल्या फळीच्या उंचीवर. आमचा गोलकीपर कळव्याचा, बारावीत शिकतो. तो डावीकडे आडवा पडला आणि बॉल पॅडला लागून डीच्या बाहेर गेला. शिट्टी! हूटरनंतरच्या पीसीत बॉल दुसऱ्यांदा डीबाहेर गेला की पीसी संपतो, आणि मॅचही. पहिल्यांदा तो पुशवर बाहेर गेलेलाच असतो. माझ्या बहिणीला वाटलं, आता अजून काहीतरी होणार. ती पायरीवरच उभी होती.

आता हे मी मातीवर उभं राहून का सांगतोय? आमच्यासारख्या टीम रोज मातीवर खेळतात आणि मॅच टर्फवर. मातीवर बॉल उसळतो, टर्फवर पाणी मारलेलं असतं, बॉल सरपटत येतो. 1976 ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. तेव्हा देशाचं जे झालं ते आमच्या डिव्हिजनमध्ये आजही दर रविवारी कुठल्या ना कुठल्या टीमचं होतं. पीसी मारायचा सराव मातीवर नीट होत नाही. पुश सरळ जात नाही, स्टॉप करताना बॉल स्टिकवरून उडतो. पण पीसी अडवायचा सराव होतो. रेघेवरून सुटायला, कुणी कुठली बाजू धरायची ते ठरवायला, पहिल्या रशरच्या मागून दुसऱ्याने कुठे वळायचं ते पायात बसवायला टर्फ लागत नाही. लागते फक्कीची एक रेघ आणि पहाटे उठणारे पाच जण. प्रमोशनच्या मागे लागलेल्या प्रत्येक छोट्या टीमला माझं हेच सांगणं आहे, आधी हे पक्कं करा. आम्ही या सीझनमध्ये आठवड्यातले दोन दिवस फक्त यावर घालवले आणि त्यातूनच हा एक गुण आला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रविवारी शेवटची मॅच. जिंकलो तर वर. बरोबरी झाली तर गेल्या रविवारच्या त्या टीमच्या निकालाकडे डोळे लावून बसायचं. रशरच्या पायाची सूज उतरलीय, त्याने पाळी बदलून घेतलीय.

(रेघेमागे जाऊन उभं राहत)

आणि मी हे करतोय, रोज पन्नास वेळा. समोर एक जण पुश करतो, बॉल हलला की मगच पाय उचलायचा. चल रे, टाक.