कंटाळला, तरी घाबरला: ‘द शायनिंग’ आणि त्याचा प्रेक्षक

मित्रहो,

भयपट संपला की आपण शेजाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो, “भीती वाटली का?” मानसशास्त्रीय भयपटाला हा प्रश्न फारसा लागू पडत नाही. एक जण म्हणतो, काहीच घडत नाही, फार संथ आहे. दुसरा म्हणतो, चित्रं सुंदर आहेत, गोष्ट कळली नाही. तिसरा गप्प असतो, आणि चार दिवसांनी तोच विचारतो, “त्या खोलीत नक्की काय झालं हो?” माझ्या मते या तिघांवर चित्रपटानं एकच काम केलेलं असतं. ते कसं होतं हे आज स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’वरून पाहू. गोष्ट थोडक्यात अशी: लेखक जॅक हिवाळ्यात बंद असलेल्या हॉटेलची राखण करायला बायको वेंडी आणि छोटा मुलगा डॅनी यांना घेऊन येतो आणि हळूहळू त्याचं डोकं फिरत जातं.

हा चित्रपट मे १९८० मध्ये अमेरिकेत लागला तेव्हा त्याचं स्वागत थंड झालं. वाईट चित्रपटांना दिले जाणारे रॅझी पुरस्कार त्याच वर्षीच्या चित्रपटांपासून सुरू झाले आणि पहिल्याच यादीत दिग्दर्शक म्हणून कुब्रिक आणि अभिनेत्री म्हणून शेली डुव्हाल यांची नावं होती. डुव्हालचं नामांकन २०२२ मध्ये मागे घेण्यात आलं. मूळ कादंबरीचे लेखक स्टीफन किंग यांनाही चित्रपट पटला नाही. नायक पहिल्या प्रसंगापासूनच वेडाच्या काठावर दिसतो, त्यामुळे त्याची घसरण जाणवत नाही, असा त्यांचा आक्षेप. तो खोटा नाही. पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत, याच चित्रपटाला जागा मिळाली.

दारात घेतलेला कौल आणि नंतरचा कौल यांतलं हे अंतर या जातीच्या चित्रपटांत पुन्हापुन्हा दिसतं. अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. २०१८ च्या ‘हेरेडिटरी’ला तिथं ‘डी प्लस’ मिळाली आणि २०१७ च्या ‘मदर!’ला थेट ‘एफ’, म्हणजे नापास. प्रेक्षक जाहिरात पाहून काही अपेक्षा घेऊन येतो. ती पुरी झाली का, एवढंच ती श्रेणी सांगते. ‘हेरेडिटरी’ची गणना आज २०१० च्या दशकातल्या महत्त्वाच्या भयपटांत होते.

आता खुद्द बांधणीकडे येऊ. साधा भयपट ताण वाढवतो, दचकवतो आणि लगेच सोडतो. प्रेक्षक किंचाळतो, शेजाऱ्याकडे बघून हसतो, हलका होतो. ‘द शायनिंग’ ताण वाढवतो, पण सोडण्याची वेळ आली की प्रसंगच बदलतो. छोटा डॅनी हॉटेलच्या मोकळ्या भागातून तीनचाकी चालवतो ते आठवा. गॅरेट ब्राऊनचा स्टेडिकॅम, म्हणजे चालतानाही धक्के न बसणारा कॅमेरा, जमिनीपासून काही इंचांवर, त्याच्या मागं. चाकं लाकडी जमिनीवर आली की खडखडाट, गालिच्यावर गेली की शांतता, पुन्हा खडखडाट. पहिल्या फेरीत काहीही घडत नाही. पण कानाला ती लय लागलेली असते, आणि पुढं तो एका वळणावर थांबतो तेव्हा चाकांचा आवाज बंद पडणं हीच धोक्याची सूचना होते. “काहीच घडत नाही” म्हणणाऱ्या प्रेक्षकाचं शरीर तोवर कामाला लागलेलं असतं.

वेळेच्या पाट्यांचंही तसंच. आधी ‘एक महिन्यानंतर’, मग नुसते वार, आणि शेवटी तास: सकाळी आठ, दुपारी चार. कोणत्या आठवड्यातला तो वार, हे कधीच सांगत नाहीत. हॉटेलच्या मांडणीतही हिशोब जुळत नाही. व्यवस्थापकाच्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे, पण आजूबाजूचे पॅसेज पाहिले तर तिथं बाहेरची भिंत असूच शकत नाही. पहिल्यांदा पाहताना हे कुणी मोजत नाही. आपण कुठं आहोत याचा अंदाज मात्र चुकत राहतो, आणि तो चुकल्याची अस्वस्थता प्रेक्षक “गोष्ट कळली नाही” अशा शब्दांत मांडतो. संगीत बार्टोक, लिगेटी, पेंडरेत्स्की या विसाव्या शतकातल्या युरोपीय संगीतकारांचं. त्यात धरून बसावं असं गुणगुणण्याजोगं काही नाही, त्यामुळे आधारही नाही.

सगळ्यात मोठा फाटा फुटतो तो कोठीघरात. तोपर्यंत जॅकला भुतं दिसतात तिथं बहुधा आरसा असतो. म्हणजे हे सगळं त्याच्या डोक्यात चाललंय, असं मानायला जागा आहे. मग बायको त्याला कोठीघरात कोंडते आणि ग्रेडी, म्हणजे हॉटेलच्या आधीच्या राखणदाराचं भूत, बाहेरून कडी काढतो. फ्रेंच समीक्षक मिशेल सिमाँ यांच्याशी बोलताना कुब्रिकनं म्हटलंय की या कडीपाशी आल्यावर अलौकिकाशिवाय दुसरं स्पष्टीकरण उरत नाही. चर्चेत तुम्हाला दोन गट दिसतील. “वेड्या माणसाची गोष्ट” म्हणून पाहणारे या जागी चिडतात, “पछाडलेलं हॉटेल” म्हणून पाहणाऱ्यांना ती नजरेतही येत नाही. म्हणून “शेवट आवडला का?” यापेक्षा “कडी कुणी काढली?” हा प्रश्न आधी विचारा. पुढचे सगळे वाद तिथूनच फुटतात.

हसण्याबद्दल थोडं. कुऱ्हाडीनं दार फोडून जॅक “हिअर्ज जॉनी!” म्हणतो, ती अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमातली हाळी आहे. तिथल्या प्रेक्षकाला ते ओळखीचं, म्हणून तो हसतो आणि हसता हसता थिजतो. आपल्याकडच्या बहुतेकांना तो संदर्भ नाही, फक्त चेहरा दिसतो. तेव्हा सभागृहात कुणी हसलं तर चिडू नका. ताण सुटायला दुसरी वाट न मिळाल्यानं आलेलं ते हसू असतं.

फिल्म क्लबमध्ये हा चित्रपट दाखवणार असाल तर आधी प्रत तपासा. प्रदर्शनाच्या वेळी तो १४६ मिनिटांचा होता. हॉटेलचा व्यवस्थापक इस्पितळात वेंडी आणि डॅनीला भेटतो, हा शेवटाजवळचा प्रसंग कुब्रिकनं काही दिवसांतच काढून टाकला आणि १४४ मिनिटं उरली. युरोपसाठी त्यानं आणखी कात्री लावली, ती प्रत ११९ मिनिटांची. तिच्यात डॉक्टरीण डॅनीला तपासायला येते तो सुरुवातीचा प्रसंग नाही. या प्रसंगात बापानं दारूच्या नशेत मुलाचा खांदा निखळवल्याचं कळतं. लांब प्रत पाहणारा जॅककडे पहिल्यापासून संशयानं बघतो, तर छोट्या प्रतीच्या प्रेक्षकाला हे बऱ्याच उशिरा, बारमधल्या बोलण्यातून समजतं. अर्ध्या सभासदांनी घरी एक प्रत पाहिलेली आणि अर्ध्यांनी दुसरी, असं असेल तर वाद निष्फळ होतो. मी १४४ मिनिटांचीच प्रत सुचवेन.

आवाजाची पातळी सुरुवातीच्या मुलाखतीच्या प्रसंगावर ठरवू नका. ते संवाद शांत आहेत, ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढचं संगीत कर्कश होतं आणि लोक कान झाकतात. आधी जोरकस संगीताचा तुकडा लावून पातळी पक्की करा, मग संवाद ऐका. टीव्ही किंवा प्रोजेक्टरवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद ठेवा. नाहीतर स्टेडिकॅमचे लांब शॉट मालिकेसारखे दिसतात आणि तरंगण्याचा भास जातो. खोली पूर्ण काळोखी नको. बाहेर पडण्याची वाट दिसू द्या, पण पडद्यावर उजेड पडू देऊ नका.

मध्यंतराचा प्रश्न खास आपला. हा चित्रपट मध्यंतर धरून बांधलेला नाही, तेव्हा शक्यतो देऊच नका. चहावाल्यांचा आग्रह असेलच, तर मिनिटं मोजून बरोबर मध्यावर थांबू नका. जखमी डॅनीचं येणं, जॅकचं बारमध्ये बसणं आणि २३७ नंबरच्या खोलीतला प्रसंग ही एकच साखळी आहे, मधे तोडली की तिचा जोर पार जातो. थांबायचं तर त्याच्या आधी, डॅनी २३७ चं उघडं दार पाहून आत डोकावतो तिथं. पुढं काय घडलं हे चित्रपटही दाखवत नाही, थेट दुसऱ्या जागी जातो, त्यामुळे तिथला खंड खुपत नाही.

शेवटी श्रेयनामावली सुरू झाली की दिवे लावायची घाई करू नका. जुनं गाणं संपल्यावर टाळ्या आणि माणसांची कुजबुज ऐकू येते, तोही चित्रपटाचाच भाग आहे. मग बोलायला लागण्याआधी प्रत्येकाला चिठ्ठी द्या. आवडला की नाही हे विचारू नका. “कुठल्या प्रसंगात शरीर आखडलं?”, “कुठं कंटाळा आला?” आणि “कडी कुणी काढली?” एवढे तीनच प्रश्न. आधी तोंडी चर्चा घेतली तर पहिल्या ठाम वक्त्याचं मत सगळ्यांच्या चिठ्ठीत उतरतं. आठवड्यानं तेच प्रश्न पुन्हा विचारा आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवा. कंटाळ्याच्या रकान्यात आधी लिहिलेला प्रसंग आठवड्यानंतर शरीर आखडल्याच्या रकान्यात आला असेल, तर चर्चा त्या प्रसंगापासून सुरू करा आणि तो तुकडा आवाजासकट पुन्हा लावून दाखवा.