बुऱ्हाणपूरला जायचं तर आधी पालला जा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो बुऱ्हाणपूर आणि सातपुड्यातलं पाल गाव दोन दिवसांत कसं पाहावं हा. त्यावर येतोच. पण बुऱ्हाणपूरला निघालो म्हटलं की आपल्याकडे हमखास विचारतात, ‘एमपीत कशाला?’ हे मला फार लागतं. फारुकी सुलतानांची राजधानी आधी आपल्या शिरपूर तालुक्यातलं थाळनेर, मग बुऱ्हाणपूर. १६०१ साली अकबरानं असीरगड घेतला तोवर खानदेशचा कारभार तिथूनच चालला. तिथल्या जामा मशिदीत फारुकींची वंशावळ चक्क संस्कृतात कोरलेली आहे. आपल्या आजोळाला परमुलूख म्हणायचं का?

मुमताजमहल १६३१ मध्ये तिथे वारली, आधी तापीपलीकडे जैनाबादला पुरली, हे तुम्हाला पाठ आहे. ते सोडतो.

मला सांगायचंय ते कुंडी भंडाऱ्याचं, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या जमिनीखालच्या जुन्या पाणीयोजनेचं. माझे अमळनेरचे मामा, जन्मभर विहिरी खोदलेला माणूस. त्यांना घेऊन गेलो, तेव्हा खाली उतरायची लिफ्ट चालू होती. खाली अंधार, गारवा, पायाशी वाहतं पाणी. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, मेणबत्ती वितळून गोठावी तसे, आणि त्यांतून टपटप पाझर. आमची बाकीची मंडळी फोटो काढत होती. मामांनी तळहात भिंतीला लावला, बराच वेळ तसाच ठेवला. मग बोटं चाटून पाहिली आणि म्हणाले, ‘हाई ते सातपुडानं पानी शे.’ त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. मी वर येऊन माहिती वाचली, तर तेच! सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकतं. १६१५ च्या सुमारास मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात ते वाटेतच भुयारानं अडवलं. वर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे हवेसाठी आणि उपशासाठी उभ्या विहिरी. मोट नाही, रहाट नाही, नुसत्या उतारानं पाणी शहरात. मामांना वर आणायला मला दोनदा खाली जावं लागलं. मावा जिलेबी तोवर गार झाली होती. हसू नका, ती गरमच खायची असते!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मुद्द्याचं बोलतो.

सहलीचा क्रम उलटा करा. पहिला दिवस पालचा. यावल अभयारण्य १९६९ चं, सुमारे १७८ चौरस किलोमीटर. साग, अंजन, आणि मधून सुकी नदी. दिवाळीच्या आधी जा, नदीला पाणी असतं. उतरताना पायथ्याशी गाडी थांबवा आणि पात्रात जरा चाला. दगडगोट्यांचा तो पट्टा म्हणजे बझाडा. वरचं पाणी तिथे जमिनीत शिरतं. रावेर-यावलच्या केळीच्या विहिरी त्याच्याच भरवशावर. वर जंगल विरळ झालं की पाऊस न थांबता वाहून जातो, आणि आपण बोअर आणखी खोल नेतो.

दुसऱ्या दिवशी रावेरवरून बुऱ्हाणपूर. आधी कुंडी भंडारा, शाही किल्ला नंतर. लिफ्ट चालू आहे का, ते विचारून निघा. आणि खाली गेलात तर मोबाईल खिशात ठेवून भिंतीला हात लावा.